दरपत्रकातली शिकार

आफ्रिकेतल्या शिकारीची सुरुवात दरपत्रकाने होते. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे, टांझानिया, कुठल्याही देशातल्या शिकार-कंपनीकडे चौकशी करा. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाने पुढे करावा तसा एक कागद हाती येतो. राहण्या-जेवण्याचा आणि सोबतच्या व्यावसायिक शिकाऱ्याचा दर रोजचा. जनावरांचा दर नगावर. इम्पाला जातीचे हरीण काहीशे डॉलरांत पडते. पिळदार शिंगांच्या कुडूला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. रानरेडा त्याच्याही वर. आणि हत्ती-सिंहांपाशी पोहोचेपर्यंत सगळा हिशेब मध्यमवर्गीय माणसाच्या घराच्या किमतीवर जातो. कागदाच्या तळाशी, विमा कंपन्यांना आवडते तेवढ्या बारीक अक्षरात, एक कलम असते. जखमी झालेले जनावर मारलेले समजण्यात येईल. म्हणजे गोळी लागली, जनावर रक्ताचे चार थेंब सांडून काट्याकुट्यांत नाहीसे झाले, तर ना कातडे, ना शिंगे, ना भिंतीवर लावायला काही. बिल मात्र पुरते.

हौशी परदेशी शिकाऱ्यांच्या तक्रारींचा पाढा बहुधा येथून सुरू होतो. विमानतळावरून जंगलातल्या तळापर्यंत नेण्याचे पैसे वेगळे. स्वतःची रायफल आणली नसेल तर तिचे भाडे वेगळे. नवऱ्यासोबत आलेली, बंदुकीला हातही न लावणारी बायको ‘प्रेक्षक’ या सदरात मोडते आणि तिचाही रोजचा दर असतो. एका व्यावसायिक शिकाऱ्यामागे दोघा मित्रांनी जायचे ठरवले तर स्वस्त पडते खरे. पण मग पहिला बार कोणी काढायचा, यावरून तिसऱ्या दिवशी मैत्रीची परीक्षा होते. शेवटी बक्षिसी. स्वयंपाक्यापासून माग काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती बिलाच्या मानाने द्यावी लागते. आणि एवढे करून मारलेल्या जनावराचे मांस आपले नव्हेच! ते शेतमालकाचे, कंपनीचे किंवा गावाचे. शिकाऱ्याच्या वाट्याला त्यातला येतो तो रात्रीच्या जेवणातला तुकडा.

सफारी हा शब्द तसा आपल्याला परका नाही. अरबीतला ‘सफर’ स्वाहिलीत जाऊन ‘सफारी’ झाला आणि फारसीच्या वाटेने मराठीत आला तो ‘सफर’च राहिला. तिकडे त्याचा अर्थ लांबचा प्रवास एवढाच. त्याला बंदुकीचा वास लागला तो युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांमुळे. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडल्यावर १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशे बारा जनावरे मारली. मोहीम स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने गोळा करण्याची होती, तेव्हा त्या आकड्याला विज्ञानाचे पांघरूण मिळाले. पुढच्या पिढीला तेही लागले नाही. १९३३ च्या अखेरीस अर्नेस्ट हेमिंग्वे टांगानिकात शिकारीला गेला. त्याची कीर्ती अशी की, आफ्रिका म्हटले की मर्दानी शिकारीचे जे चित्र जगाच्या डोळ्यांपुढे येते त्यातले निम्मे त्याने रंगवलेले. प्रत्यक्षात त्या सफरीत त्याला आमांशाने गाठले आणि छोट्या विमानातून नैरोबीला हलवावे लागले. परत आल्यावर लिहिलेले ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ हे पुस्तक १९३५ साली निघाले. त्यात सिंह-गेंड्यांपेक्षा जास्त छळते ती एक वेगळीच गोष्ट: सोबत्याला मिळालेली शिंगे आपल्यापेक्षा मोठी निघाली!

ही शिंगांची असूया आजही या हौसेला चिकटून आहे. लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या कारागिराने १८९२ मध्ये शिकारीच्या विक्रमांची नोंदवही काढली, आणि तेव्हापासून मेलेल्या जनावराजवळ पहिल्यांदा पोहोचतो तो मोजपट्टीचा फीत. अर्ध्या इंचाने नोंदवही हुकलेला माणूस संध्याकाळी शेकोटीपाशी गप्प बसलेला असतो. त्याला उत्तम जनावर मिळालेले असते, पण बेरीज जमलेली नसते.

शिंगांपर्यंत पोहोचण्याआधी बंदूक पोहोचावी लागते. तिचा प्रवास माणसाच्या प्रवासापेक्षा अवघड. दक्षिण आफ्रिकेत तात्पुरती बंदूक आणायची तर पोलिसांचा पाचशे वीस क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. तो काळ्या शाईनेच भरायचा, आणि सही आधी करायची नाही, विमानतळावरच्या पोलिस अधिकाऱ्यासमोर करायची. घाईघाईने घरीच सही करून आलेला कोट्यधीश तेथे पुन्हा पहिल्या ओळीपासून अर्ज भरतो. आपल्याकडे सरकारी खिडकीपाशी उभे राहिलेल्या कोणालाही या प्रसंगाचे हसू यावे. काडतुसे वेगळ्या कुलूपबंद पेटीत, तीही पाच किलोपर्यंतच. वाटेत एखाद्या युरोपीय विमानतळावर विमान बदलायचे असेल तर तेथला शस्त्रकायदा निराळा, त्याची परवानगी निराळी. माणूस जोहान्सबर्गला उतरतो आणि रायफल मागच्या विमानतळावरच राहते, हे नित्याचे. दहा दिवसांतला एक दिवस सामानाच्या पट्ट्यापाशी जातो आणि दरपत्रकातला रोजचा दर त्या दिवसालाही लागू असतो.

जंगलातल्या हालांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. जंगल हे जंगल आहे. तरी जून-जुलैत नामिबियात पहाटे उघड्या गाडीतून निघताना पारा शून्यापाशी असतो, हे आफ्रिका म्हणजे ऊन असे धरून आलेल्याला कोणी आधी सांगितलेले नसते. टांझानियात त्से-त्से माशी जाड कापडावरूनही चावते आणि तिला निळा नि काळा रंग विशेष प्रिय, तेव्हा नवी कोरी जीन घालून आलेल्याची दैना होते. झुडपांपैकी एकाला आफ्रिकान्स भाषेत ‘थांब जरा’ अशा अर्थाचे नाव आहे. ते आपल्या बोरीच्याच कुळातले. जोडीतला एक काटा सरळ, एक आकड्यासारखा वाकडा. बोरीत धोतर अडकलेल्या आपल्या आजोबांना नावाची मार्मिकता लगेच पटली असती.

खरी अडचण आहे ती माणसांची. परदेशी पाहुण्याला एकट्याने शिकार करता येत नाही. परवानाधारक व्यावसायिक शिकारी सोबत असावाच लागतो, आणि सगळे निर्णय त्याचे असतात. कोणत्या कळपामागे जायचे, कोणता नर वयस्क, कोणता सोडायचा, काठ्यांची तिकाटी कोठे रोवायची, बार केव्हा काढायचा, हे तो कानात कुजबुजतो. माग त्याच्याही पुढे चालणारा स्थानिक माणूस काढतो. मोडलेली काडी, ओलसर लेंडी, उलटलेला दगड वाचत वाचत तो सगळ्यांच्या पुढे असतो आणि त्याच्या हातात बहुधा काठीपलीकडे काही नसते. जिम कॉर्बेट वाचून मोठा झालेला मराठी वाचक शिकारी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे जो माणूस उभा राहतो, त्याची निम्मी कामे येथे व्यावसायिक शिकारी करतो आणि उरलेली निम्मी हा काठीवाला. पाहुण्याकडे उरते ते चाप ओढणे.

तेही कधी कधी पुरते उरत नाही. रानरेड्यासारखे जनावर पहिल्या गोळीला पडले नाही तर व्यावसायिक शिकारी लगोलग आपली गोळी झाडतो. कायद्याने आणि पोटासाठीही त्याला गिऱ्हाईक जिवंत परत पाठवायचे असते. मग जनावर कोणाच्या गोळीने पडले, हा प्रश्न उरतो. छायाचित्रात तो दिसत नाही, पण छायाचित्रातल्या माणसाला तो ठाऊक असतो. काही जण म्हणूनच आधी बजावून ठेवतात की, मी सांगितल्याशिवाय तुम्ही गोळी झाडायची नाही. याचा भार पडतो तो काठीवाल्यावर. जखमी रेडा दाट झाडीत शिरला की पाहुण्याला मागे थांबवता येते. माग काढणाऱ्याला मागे थांबून चालत नाही. २०१७ च्या मे महिन्यात झिम्बाब्वेत दक्षिण आफ्रिकेचा एक नावाजलेला व्यावसायिक शिकारी, गोळी लागलेली हत्तीण अंगावर कोसळून मरण पावला. तो नामांकित होता म्हणून जगभर बातमी झाली.

या सगळ्या कटकटींकडे थोडे लांबून पाहिले तर त्यांचे मूळ एकच असल्याचे दिसते. शिकार हा मुळात बेभरवशाचा उद्योग. पारधी आठ दिवस रान तुडवून रिकाम्या हाताने घरी येई आणि त्यात त्याला अपमान वाटत नसे. परतीचे तिकीट खिशात घेऊन आलेल्या माणसाला ते परवडत नाही. त्याने भरवशाचे पैसे मोजलेले असतात. तेव्हा भरवसा पुरवणे हाच धंदा होऊन बसतो, आणि गिऱ्हाईक चिडते ते भरवसा कमी पडला तरी, आणि फार झाला तरी.

फार झाला म्हणजे काय, ते दक्षिण आफ्रिकेतल्या पाळीव सिंहांनी दाखवले. पिंजऱ्यात जन्मलेला, बाटलीने दूध पाजलेला, लहानपणी पर्यटकांच्या मांडीवर खेळलेला सिंह मोठा झाला की कुंपण घातलेल्या रानात सोडायचा आणि काही दिवसांनी पाहुण्याकडून मारवायचा. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाने १९९७ मध्ये हा प्रकार जगापुढे आणला. धंदा थांबला नाही, वाढला. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो बंद करण्याचा इरादा जाहीर केला, तेव्हा तेथल्या पैदास-केंद्रांत मिळून आठ ते बारा हजार सिंह असावेत, असा अंदाज होता. त्या देशात रानातले मोकळे सिंह त्याहून कितीतरी कमी! आपण मारलेला सिंह दोन दिवसांपूर्वी ट्रकमधून आला होता, हे काही गिऱ्हाइकांना घरी गेल्यावर कळले. काहींना आधीच माहीत होते आणि स्वस्त पडतो म्हणून त्यांनी तो घेतला. दोघांपैकी कोणाची कीव करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यात आफ्रिकेला नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत हा व्यवहार आपल्या अंगणात चालत होता. नागपूरच्या ॲल्विन कूपर कंपनीच्या शिकारी मोहिमांसाठी परदेशी पाहुणे मध्य भारताच्या जंगलांत येत. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणाआधी ती कंपनी काढली होती. पाहुणा दोन-तीन आठवड्यांसाठी येणार, तेवढ्यात त्याला वाघ मिळायला हवा. त्यासाठी रेडकू बांधायचे, मचाण घालायचे, हाक्यासाठी आसपासच्या गावांतली माणसे जमवायची. हाका करणाऱ्यांत आणि त्या काठीवाल्यात फरक तो खंडाचा. कातडी म्हैसूरच्या व्हॅन इंगेनकडे जात आणि तेथून जबडा वासलेली मुंडकी होऊन जगभर पोहोचत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या गणतीत देशभरात १,८२७ वाघ निघाले. पाहुण्यांनी मग आफ्रिकेची तिकिटे काढली. केनियाने १९७७ मध्ये दार लावले, तसे ते आणखी दक्षिणेकडे सरकले.

मारलेले जनावर घरी नेणे हा तर स्वतंत्र अध्याय. कातडी मिठात घालून वाळवायची, कवट्या उकळायच्या, रोगजंतू जाऊ नयेत म्हणून औषधात बुडवायच्या, लाकडी पेटी करायची. हत्ती, बिबळ्या यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराखालची कागदपत्रे लागतात, निर्यात करणाऱ्या देशाची आणि आयात करणाऱ्याचीही. पेंढा भरून भिंतीवर लागेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाते. या वर्ष-दीड वर्षात कायदा बदलू शकतो, हे दरपत्रकात नसते. ४ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेने झिम्बाब्वेतल्या हत्तींच्या सुळ्यांची आयात थांबवली. त्या हंगामासाठी आधीच पैसे भरून बसलेल्या अमेरिकनांनी त्यानंतर मारलेल्या हत्तींचे सुळे तिकडेच राहिले. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी सिंहाची मुंडकी व कातडी देशात आणायला मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा यांचे अवशेष वाहून नेणार नाही असे जाहीर केले.

ऑगस्टमध्येच का, तर त्याआधीच्या जुलैत सेसिल मारला गेला होता. झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाचा हा काळ्या आयाळीचा सिंह. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक गळ्यातल्या पट्ट्यावरून त्याच्या हालचाली टिपत. उद्यानाच्या हद्दीबाहेर अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने त्याला रात्री बाण मारला. बाण जिव्हारी लागला नाही. सिंह रात्रभर जखमी होता आणि कित्येक तासांनी दुसऱ्या दिवशी त्याला ठार करण्यात आले. या शिकारीचे सुमारे पन्नास हजार डॉलर मोजल्याचे वृत्तपत्रांनी छापले. दंतवैद्याचे म्हणणे असे की, आपण परवानाधारक माणसावर विसंबलो. झिम्बाब्वे सरकारनेही त्याच्यावर खटला भरला नाही. त्याची कागदपत्रे ठीक होती. त्याच्या व्यावसायिक शिकाऱ्यावरचा खटला २०१६ मध्ये रद्द झाला. मात्र दंतवैद्याच्या मिनेसोटातल्या दवाखान्यापुढे निदर्शकांनी चिंध्यांचे सिंह आणून ठेवले आणि काही आठवडे त्याला तो बंद ठेवावा लागला. कायद्याने सुटलेल्या माणसाला गावाने धरले. शिकाऱ्यांच्या क्लबांतून आजही हळहळ ऐकू येते ती या अन्यायाची. बाण मारल्यापासून मधल्या त्या रात्रीची फारशी नाही.

राजेही सुटले नाहीत. एप्रिल २०१२ मध्ये स्पेनचे राजे हुआन कार्लोस बोट्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेले असताना पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. हाड मोडले नसते तर देशाला सफरीचा पत्ताही लागला नसता. स्पेनमध्ये तेव्हा दर चार कामकऱ्यांत जवळजवळ एक बेकार होता. इस्पितळाच्या दारात राजांनी माफी मागितली: फार वाईट वाटते, माझे चुकले, पुन्हा होणार नाही. जुलैत विश्व प्रकृती निधीच्या स्पॅनिश शाखेने त्यांचे मानद अध्यक्षपद काढून घेतले. दोन वर्षांनी त्यांनी सिंहासन सोडले. त्याची कारणे इतरही होती, पण लोकांच्या मनातली उतरण त्या हत्तीपासून लागली.

बोट्स्वानाची गोष्ट येथेच संपवता येत नाही. अध्यक्ष इयान खामा यांनी २०१४ मध्ये तेथील शिकार बंद केली. पाहुण्यांचे दुःख एवढेच की, दुसरा देश शोधावा लागला. शिकारीच्या तळांवर काम करणाऱ्या गावांचा मात्र रोजगार गेला, हत्तीमागे मिळणारे मांस गेले, आणि हत्ती होते तेथेच राहिले. सुमारे एक लाख तीस हजार हत्तींच्या त्या देशात त्यांचा शेतात शिरकाव म्हणजे काय, हे दोडामार्ग-तिलारीच्या नारळी-केळीच्या बागायतदाराला वेगळे समजावून सांगायला नको. २०१९ मध्ये अध्यक्ष मोक्ग्वेत्सी मासिसी यांनी बंदी उठवली. पुढे जर्मनीत शिकारीच्या अवशेषांच्या आयातीवर निर्बंध घालण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये मासिसी म्हणाले की, मग आम्ही वीस हजार हत्ती जर्मनीला भेट पाठवतो, त्यांच्यासोबत राहून पाहा. हा विनोद नाही, असेही त्यांनी बजावले. गावकऱ्यांना या व्यवहारातून त्यांच्या वाट्याचे किती मिळते आणि मधल्या मध्ये किती मुरते, यावर तिकडे सतत भांडण असते. तळांवरच्या माणसांची बक्षिसी कोणाच्या हातात पडते, यावरही असते.

हत्ती पडला की मात्र ते भांडण थोडा वेळ थांबते. दिवस मावळायच्या आत सुऱ्या, टोपल्या, पत्र्याची घमेली घेऊन आसपासची माणसे जमतात. पाहुण्याचे छायाचित्र काढून होते, सुळे बाजूला काढून ठेवले जातात, आणि बाकीचा हत्ती गाव घरी नेतो.